नसलेल्या गावांचा वाचक

टेबल एकच, खुर्च्या दोन आणि मध्ये एक उतरती फळी. फळीच्या अलीकडे बसणारा हस्तलिखित पोथी मोठ्याने वाचतो, पलीकडे बसणारी ऐकते. तिच्या हातात त्याच ग्रंथाची छापील प्रत असते. वाचलेले आणि छापलेले जुळले की ती नुसते ‘हं’ म्हणते. नाही जुळले की ‘थांबा’ म्हणते आणि तेवढा फरक एका कार्डावर उतरवते. कार्डाच्या कोपऱ्यात त्या पोथीचे खुणेचे अक्षर, तळाशी दोघांच्या सह्या. मग पुन्हा हं, हं, हं. दाराबाहेरून जाणाऱ्याला वाटावे, आत एखादे समजूतदार मूल गोष्ट ऐकत बसले आहे.

या खोलीत एका फार जुन्या धर्मग्रंथाची शुद्ध प्रत तयार होत होती. ग्रंथाच्या मूळ प्रती केव्हाच नष्ट झालेल्या. उरल्या त्या नकलांच्या नकला. त्या सगळ्या एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि मूळ काय असेल ते ठरवायचे, हे संस्थेचे काम. ते सुरू करणाऱ्यांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, वाचणाऱ्याने अर्थ लावू नये. अक्षरामागून अक्षर वाचावे. अर्थ लागू लागला की डोळा पुढे पळतो आणि जे असायला हवे ते वाचतो. दुसरा नियम याच भीतीतून आलेला: वाचणारा दर काही वर्षांनी बदलावा, म्हणजे ग्रंथ त्याला पाठ होणार नाही. पहिला नियम भिंतीवर लावलेला होता. दुसरा कुणी मोडला असे नाही, तो आपोआप निकामी झाला, कारण दिवसभर न कळणारे वाचत बसायला दुसरा माणूस मिळेना.

जो मिळाला तो एका छापखान्यातून आला होता. तिथे मुद्रिते तपासणाऱ्याला मूळ मजकूर वाचून दाखवणे हे त्याचे काम. औषधांच्या जाहिराती, कायद्याचे मसुदे, रेल्वेची वेळापत्रके, सगळे त्याने एकाच सुरात वाचलेले. छापखाना बंद पडला तेव्हा तो चाळिशीत होता आणि वाचण्याखेरीज काही येत नव्हते. संस्थेत त्याची परीक्षा झाली ती उलट्या धरलेल्या पानावरून. तो न अडखळता वाचत गेला. शेवटी विचारले, ‘काय कळलं?’ तो म्हणाला, ‘काही नाही.’ नोकरी लागली.

पुढे केस पांढरे झाल्यावर हाताखालचे लोक त्यांना काका म्हणू लागले आणि पाठीमागे रेडिओ. एकदा लागले की चहा येईपर्यंत बंद होत नसत. त्यांच्यासमोर बसणाऱ्या लेखनिक बाई वयाने बऱ्याच लहान, जिभेने बऱ्याच तिखट. काकांच्या आवाजावर आपली अर्धी नोकरी झोपेत झाली, असे त्या तोंडावर सांगत.

काकांना ग्रंथात रस नव्हता. रस होता चुकांत. आणि चुकांचे माहेरघर म्हणजे मुक्कामांचा अध्याय. कुठल्याशा प्राचीन लोकसमूहाने देशांतर केले, तेव्हा वाटेत तो कुठे कुठे थांबला त्या गावांची नावे त्यात एकापाठोपाठ एक दिलेली आहेत. बाकी ग्रंथात नकलकार चुकला तरी पुढचा सावरून घेतो, कारण वाक्याला अर्थ असतो. गावाच्या नावाला कसला अर्थ? ते गाव नकलकाराने पाहिलेले नाही, ऐकलेले नाही, आता कदाचित उरलेलेही नाही. एकाची मान लचकली तर पुढच्या पोथीत पाय मोडतो. सारख्या शेवटाची दोन नावे आली की लिहिणाऱ्याची नजर एकावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली गावे जगातून नाहीशी होतात. एका पोथीत एकाच नदीच्या दोन झाल्या होत्या आणि ते लोक दोन्ही पार करून गेले होते.

काकांचे सर्वांत लाडके गाव निराळेच होते. कुणा जुन्या नकलकाराने समासात टीप केली होती, ‘येथे पान फाटले आहे’. पुढच्याने ती ओळीत घेतली. त्याच्या पुढच्याने शब्द एकत्र जोडून टाकले, आणि चौथ्याने शेवटी ‘नगर’ लावले. त्यानंतरच्या एका भाष्यकाराने त्या नगराच्या बाजारपेठेचे वर्णन केले आहे.

‘तिथे कापड स्वस्त मिळायचं म्हणे,’ काका नव्या माणसाला सांगत.

‘मिळणारच,’ बाई म्हणत. ‘फाटकं असेल.’

अशी वर्षे गेली. मग संस्थेला त्या ग्रंथाची सर्वांत जुनी पोथी मिळाली, ती उसनी. देणाऱ्यांच्या अटी कडक होत्या. फोटो काढायचे नाहीत, पोथी खोलीबाहेर न्यायची नाही, आणि ठरल्या तारखेला परत करायची. ती पुन्हा मिळणार नाही, हेही सांगितले होते. म्हणजे तिच्यातून जे कार्डांवर उतरेल तेच छापले जाणार होते, आणि पुढचे सगळे अभ्यासक ते खरे धरून चालणार होते. संपादक मॅडमनी वाचायला अर्थातच काकांना बसवले.

काकांना तेव्हा नीट दिसत नव्हते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, मोतीबिंदू नाही, तो असता तर काढून टाकला असता. पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. समोरचे जाईल, कडेचे राहील. म्हणजे काकांना दार दिसे, दारातला माणूस दिसत नसे. पान दिसे, समास दिसे, समासातला पानाचा आकडाही मान तिरकी केली की हाती लागे. मधल्या ओळींच्या जागी मळकट धुके. घरी बायकोला त्यांनी ‘नंबर वाढलाय’ एवढेच सांगितले. संस्थेत तेवढेही नाही. वाचता येत नाही असे वाचकाने सांगायचे म्हणजे राजीनामाच द्यायचा. आणि घरी बसून करायचे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते.

शिवाय सांगायची निकड भासेना. पानावर बोट ठेवले, कडेचा एखादा शब्द पकडला की पुढचे तोंडातून आपोआप येई. निरनिराळ्या पोथ्यांतून इतक्यांदा वाचलेला ग्रंथ. बाई ‘हं’ म्हणत राहिल्या. मान तिरकी करण्याची सवय मात्र त्यांच्या नजरेत भरली होती.

‘काका, हल्ली कोंबडीसारखं बघता तुम्ही.’

‘मान धरलीय.’

‘पोथीची की तुमची?’

मुक्कामांच्या अध्यायाला काकांनी भिंग आणले. तिथे पाठांतर पुरेसे नाही, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? ते रोजच्यापेक्षा सावकाश वाचत गेले, आणि मध्येच एका ठिकाणी बाई ‘थांबा’ म्हणाल्या. हे गाव छापील प्रतीत नव्हते. इतर कुठल्याच पोथीत नव्हते. दोन परिचित मुक्कामांच्या मध्ये एक साधे, छोटे, अगदी खरे वाटणारे नाव. बाईंनी कार्ड लिहिले, दोघांनी सह्या केल्या.

ते कार्ड पाहून मॅडम खुर्चीतून उठल्या. सर्वांत जुन्या पोथीत, बाकी सगळ्यांनी गाळलेला एक मुक्काम! त्यांनी उरलेली कामे बाजूला ठेवून त्यावर लेख लिहायला घेतला. जाता-येता त्या काकांना म्हणत, ‘तुमच्या डोळ्यांनी गाव वसवलं हो.’ काका संकोचाने हसत. मनातून त्यांना हायसे वाटले होते. हे नाव त्यांनी पूर्वी कुठे वाचलेले नव्हते. मग आले कुठून? पानावरूनच आले असणार. म्हणजे अजून दिसते आहे.

पुढचे प्रकरण सुरू झाले, आणि एका संध्याकाळी पोथी बांधून ठेवताना बाईंचा हात थांबला.

या पोथीची पाने सुटी होती. नकलकाराने पानांवर आकडे घालताना एक चूक केली होती: लागोपाठच्या दोन पानांवर एकच आकडा टाकला होता. कधीतरी कुणीतरी बांधताना त्या दोन पानांची जागा उलटसुलट झाली होती. काकांनी समासातला आकडा पाहून वरचे पान उचलले होते आणि त्यावर बोट ठेवून दुपारभर वाचले होते. राजाने जकात कशी बसवली, कुठल्या मालावर किती, सगळे खणखणीत. बाईंनी कार्डेही केली होती. आता फळीवर जे पान होते त्यावर जकातीचा उल्लेखच नव्हता. त्यात विहीर खणण्याचे वर्णन होते. जकातीचे पान ढिगात खाली, जसेच्या तसे पडून होते.

काका छत्री शोधत होते. छत्री समोरच्या खुर्चीवर होती.

‘काका, इकडे या. हे पान जरा वाचून दाखवा.’

‘झालं की ते मघाशी.’

‘पुन्हा.’

त्यांनी बोट ठेवले, मान तिरकी केली आणि जकात सुरू केली. बाईंनी एक ओळ पुरी होऊ दिली.

‘काका, इथे विहीर खणताहेत. तुम्ही राजाला नाक्यावर का उभं केलंत?’

काकांनी बोट उचलले नाही.

‘कधीपासून दिसत नाही?’

‘दिसत नाही असं नाही. कडा दिसतात.’

‘कडांवर कोण ग्रंथ लिहितं?’ बाईंचा आवाज चढला. ‘कधीपासून?’

‘मुक्कामांच्या थोडं आधीपासून.’

‘आणि मी बावळटासारखी हं हं करत बसले. कार्डांवर माझी सही आहे, काका.’

‘तुमची काही चूक नाही त्यात.’

‘ते कार्डाला सांगा.’

‘मला पाठ आहे हो सगळं. तुम्हीच म्हणता ना, रेडिओ.’

‘रेडिओलासुद्धा कुठून तरी स्टेशन लागावं लागतं. नुसता बोलत सुटला तर त्याला बिघडला म्हणतात.’ बाई पोथीला कापड गुंडाळू लागल्या. गाठ दोनदा सुटली. ‘मुक्कामांचं काय?’

‘तिथे भिंग होतं. तिथे मी पाहिलंय. ते नवीन गाव कुठून आलं असतं नाहीतर?’

बाईंना ते पटले, किंवा पटावेसे वाटले. ‘उद्या मॅडम आल्या की तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते. पण तुम्हीच सांगा.’

काकांचे घर एका चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दोन खोल्यांचे. काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांची गावे जोडून दिलेली. त्या भाजी निवडत होत्या. काका छत्री खुंटीला लावायला गेले आणि ती खाली पडली.

‘आज सांगितलंत का ऑफिसात?’ काकूंनी विचारले.

‘काय?’

‘अहो, गेल्या आठवड्यात खुंटीवरच्या माझ्या कोटाला ‘आलीस का’ म्हणालात. मी मागे उभी होते. नंबर वाढला म्हणे! मी डॉक्टरांना फोन केला होता, त्याच दिवशी.’

‘मग बोलली नाहीस?’

‘कोट काय म्हणतो ते ऐकायचं होतं.’

काका बसले आणि दुपारचे सगळे सांगून टाकले. जकातीचे पान, बाईंचे बोलणे, उद्याचे संकट. शेवटी आपली एकमेव जमेची बाजू मांडली, ते नवे गाव. नोकरी जाईल ते जाईल, पण मुक्काम तरी आपण खरे वाचले आहेत. त्यांनी गावाचे नाव उच्चारले.

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. ‘पुन्हा सांगा.’

त्यांनी सांगितले.

‘अहो, हा तुमच्या मामांच्या गावाआधीचा थांबा. लग्न झाल्यावर गेलो नव्हतो का आपण? बस तिथे पाण्यासाठी थांबायची. तुम्हाला लहानपणी तिथेच हमखास उलटी व्हायची, असं सासूबाई सांगायच्या. मी त्या गावाची लाइन कितीदा जोडलीय. आता रस्ता तिकडून जात नाही, म्हणून कुणाला माहीत नाही.’

काकांनी आठवून पाहिले. आधीचा मुक्काम, पुढचा मुक्काम, मधली जागा. एकामागून एक थांबे घेत चाललेले वाचन, बसच्या वाहकाने पुकारावे तसे. ते नाव त्यांनी पानावरून उचलले होते असे त्यांना अजूनही वाटत होते. तेच सगळ्यांत वाईट होते.

‘लबाडी नाही केली मी,’ ते म्हणाले.

‘कोण म्हणतंय? उलटी झाली तुमची, पुन्हा त्याच ठिकाणी.’ काकूंनी शेंग उचलली. ‘सकाळी मी येते सोबत. रस्ता ओलांडताना तरी खरं दिसायला हवं कुणाला.’

सकाळी मॅडमच्या टेबलावर लेखाची पुरी झालेली प्रत होती. त्यांनी काकांना बसायला सांगितले. ते उभेच राहिले. आधी डोळ्यांचे सांगितले, मग जकातीचे पान. काकांचे झाल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘हे पुन्हा वाचून घेता येईल. वेळ कमी आहे, पण पाहू. ते नाव तरी—’

‘ते नाव माझ्या मामांच्या वाटेवरचं आहे, मॅडम.’

‘म्हणजे?’

‘बसचा थांबा आहे.’

मॅडमनी पेनाला टोपण लावले. लेखाची प्रत उचलून त्यांनी खणात ठेवली आणि खण बंद केला. ‘हे कुणी ओळखलं?’

‘घरच्यांनी.’

‘आणि तुम्ही गप्प बसला असतात तर?’

‘तर छापून आलं असतं.’

‘आलं असतं,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी तिथे उत्खनन केलं असतं.’ त्या हसल्या नाहीत. ‘बाईंना बोलवा. पोथीचं कापड सोडा.’

त्या दिवशी काकांच्या खुर्चीवर लेखनिक बाई बसल्या आणि बाईंच्या खुर्चीवर मॅडम. काकांना खिडकीशेजारी एक स्टूल दिले. ते दयेपोटी नव्हते. कुठल्या कार्डापासून दिसेनासे झाले हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नव्हते. बाईंना वाचायची सवय नव्हती. त्या अडखळत, मागे जात, चिडत. पण पानावर जे होते तेच वाचत. मॅडम ‘हं’ म्हणायला विसरत आणि बाई थांबून राहत.

तारखेपर्यंत सगळे पुन्हा वाचणे शक्य नव्हते. काय वाचायचे आणि काय सोडायचे यावर वाद झाला. मॅडमचे म्हणणे पडले, मजकूर मोठा आहे, आधी तो घ्यावा. काका स्टुलावरून बोलले, विचारले नसताना. मजकूर इतर पोथ्यांवरून सावरता येईल. मुक्काम सावरता येणार नाहीत. दिसेनासे झाल्यापासूनची मजकुराची माझी सगळी कार्डे रद्द करा आणि ‘हा भाग या पोथीतून घेतलेला नाही’ असे छापा. प्रस्तावनेत असे वाक्य असणे म्हणजे संस्थेने आपल्याच तोंडाला काळे फासणे, हे मॅडमनी स्पष्ट सांगितले. त्यांनी दिवसभर विचार केला आणि तसेच करायचे ठरवले. काकांच्या आवाजात झालेली त्या भागाची सगळी कार्डे एका खोक्यात गेली. खोक्यावर बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिले, ‘वापरू नये’.

मुक्कामांचा अध्याय मात्र पहिल्या गावापासून पुन्हा सुरू झाला. काकांनी भिंगातून वाचलेली बरीच नावे बरोबर निघाली, काही निघाली नाहीत. बाई त्या दोन परिचित मुक्कामांच्या मधल्या ठिकाणापर्यंत आल्या, आणि वाचायच्या थांबल्या.

‘पुढे?’ मॅडम म्हणाल्या.

‘पुढे काही नाही.’

‘पुसलंय?’

‘पुसलेलं नाही. लिहिलेलंच नाही. जागा सोडलीय.’

मॅडम उठून फळीपाशी आल्या. ओळीच्या मध्यावर कोरा कागद होता, आणि त्यानंतर पुढचा मुक्काम नीट, त्याच हाताने, त्याच शाईत. त्या नकलकाराला आपल्यासमोरच्या पोथीतले नाव लागले नव्हते. त्याने अंदाज केला नाही, शेजारचे नाव ताणून बसवले नाही. जागा सोडली आणि पुढे गेला. नंतरच्या सगळ्यांनी ती जागा मिटवून टाकली होती. म्हणजे इथे एक मुक्काम खरोखरच होता. त्याचे नाव मात्र या पोथीच्याही आधीच हरवले होते.

मॅडमनी पट्टीने जागेची रुंदी घेतली. शेजारची अक्षरे मोजली. छोटे नाव असावे. त्या काही वेळ पट्टी तशीच धरून उभ्या राहिल्या. हाती आलेले गाव गेले होते, आणि त्याच्या जागी हे आले होते. छापायचे म्हटले तर फक्त कोरी जागा. त्यांनी खिडकीकडे वळून पाहिले.

‘काका, तुम्ही इतक्या पोथ्या वाचल्यात. सहज म्हणून विचारते. इथे काय असेल?’

काकांनी मान तिरकी केली नाही.

‘मला विचारू नका, मॅडम,’ ते म्हणाले. ‘मी सांगेन.’